मोंतोने आणि त्याच्या वाड्या

माझी सगळी नोकरी ग्रामपंचायतींत गेली. आधी मुळशी, मग वेल्हे (ज्याला आता राजगड तालुका म्हणतात), शेवटची वर्षं हवेली. त्यामुळे कुठल्याही नव्या गावात गेले की देवळाआधी माझी नजर पंचायतीचं कार्यालय शोधते. फळ्यावर काय लावलंय, पाणी किती वाजता सुटतं, कचरा कोण उचलतं, स्मशानाकडे जाणारी वाट पावसाळ्यात चालण्यासारखी आहे का, हे कळल्याशिवाय ते गाव मी पाहिलं असं मला वाटत नाही.

मुलगी इटलीत पेरुजा विद्यापीठात शेतीच्या विषयात संशोधन करते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा तिने रोम आणि फ्लॉरेन्सचा बेत आखून ठेवला होता. ती शहरं पाहिली, डोळे निवले, त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते मोंतोनेबद्दल. पुण्याहून निघण्याआधीच मी तिला सांगून ठेवलं होतं की बाकी काही राहिलं तरी चालेल, मोंतोने राहता कामा नये. त्याला कारण दोन. एक म्हणजे दुसऱ्या महायुद्धात या भागात लढताना गेलेले नाईक यशवंत घाडगे. दुसरं, मोजक्या माणसांचं गाव स्वतःचा कारभार स्वतः कसा करतं ते मला कार्यालयात जाऊन बघायचं होतं.

मोंतोने उंब्रिया प्रांतात आहे. इटलीच्या त्या लांबट द्वीपकल्पात समुद्रकिनारा नसलेला हा एकच प्रांत. रोमला जाणारी टायबर नदी इथून वरून खाली वाहत येते, आणि तिच्या वरच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून ४८२ मीटरवर, एका टेकडीच्या माथ्यावर हे गाव बसलं आहे. लोकवस्ती साधारण १,६००. क्षेत्र मात्र एकावन्न चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसं थोडी आणि शिवार मोठं. पेरुजाहून गाडीने निघालं की नदीच्या कडेकडेने जाणारा महामार्ग लागतो, उम्बेर्तिदे मागे पडतं आणि मग उजवीकडे वर गाव दिसायला लागतं. दगडी भिंती, कौलं, एक बुरूज, घरांना घरं चिकटलेली. गाडी तटाच्या बाहेर ठेवायची आणि पायी चढायचं. यांचे गुडघे कुरकुरतात, पण त्या दिवशी हे माझ्यापुढे होते.

इटलीत स्थानिक कारभाराचा सगळ्यात खालचा घटक म्हणजे कोमूने. आपल्याकडे ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशी उतरंड आहे, तशी तिथे नाही. लाखो वस्तीचं मिलानही कोमूने आणि मोंतोनेही कोमूनेच. देशभरात अशा सुमारे ७,९०० नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या साधारण सत्तर टक्के पाच हजारांच्या आतल्या वस्तीच्या. लोंबार्दी प्रांतातल्या मोर्तेरोने गावात तर तीसेकच माणसं राहतात, तरी त्या गावाला स्वतःचा महापौर आहे. मी या लेखात त्याला सरपंचच म्हणणार आहे, कारण काम सरपंचाचंच आहे.

आपल्या वाचकांना मोंतोनेची रचना समजावून सांगायची तर ती गट ग्रामपंचायत आहे. तटाच्या आतलं मूळ गाव एक, आणि त्याच्या अखत्यारीत खाली-वर पसरलेल्या वाड्या. खाली सपाटीला सांता मारिया दि सेत्ते, शिवाय कार्पिनी, कोर्लो आणि काही अगदी चार-पाच घरांच्या वस्त्या. शिवारातून कार्पिना नावाचा ओढा वाहतो आणि त्याच्या खोऱ्यावर नजर ठेवून रोक्का दारिएस हा जुना किल्ला उभा आहे. वेल्ह्यात काम केलेल्या माणसाला हे सगळं लगेच ओळखीचं वाटतं. वरती गड, खाली ओढा, मध्ये वाड्या, आणि एका वाडीतून दुसरीकडे जायला नकाशावर दिसतं त्याच्या तिप्पट अंतर.

कार्यालयात आम्ही अगोदर ईमेल करून वेळ घेतली होती. लेकीने भाषांतर केलं. तिथल्या कर्मचारी बाई माझ्याच वयाच्या असतील. मी निवृत्त ग्रामविकास अधिकारी आहे हे कळल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मग लेकीला दम खायला वेळ मिळाला नाही, इतकं आम्ही दोघी बोललो.

तीन हजारांच्या आतल्या वस्तीला एक सरपंच आणि दहा सदस्य. सरपंच थेट लोकांतून निवडला जातो, १९९३च्या कायद्यापासून. उमेदवार आपल्या सदस्यांची यादी घेऊन उभा राहतो आणि जिंकला की त्याच्या यादीला दोन-तृतीयांश जागा मिळतात, म्हणजे सरपंच एकीकडे आणि बहुमत दुसरीकडे असा पेच होत नाही. मी त्यांना सांगितलं की महाराष्ट्रात २०१७ साली थेट सरपंच आला, २०२० साली तो काढला, २०२२ साली पुन्हा आणला. सरपंच लोकांनी निवडलेला आणि सदस्य सगळे विरुद्ध गटाचे, अशा पंचायतीत मासिक सभेचं इतिवृत्त लिहिणं काय असतं, हे मी भोगलेलं आहे. त्यांची ती दोन-तृतीयांशची तरतूद मला फार समंजस वाटली. आपल्याकडे तिचा विचार व्हायला हवा.

जन्म, मृत्यू, लग्न यांची नोंद कोमूनेत. रहिवासाची नोंद कोमूनेत, आणि घर बदललं तर नव्या कोमूनेत जाऊन सांगावं लागतं. ओळखपत्र कोमूनेतून. नोंदणी लग्न सरपंच स्वतः लावतो, खांद्यावरून हिरवा-पांढरा-तांबडा पट्टा घेऊन. शाळेची इमारत, गावातले रस्ते, दिवे, कचरा, दफनभूमी यांचा भार कोमूनेवर. आणि सचिव? लहान नगरपालिका दोन-तीन मिळून एकच सचिव ठेवतात, तो वार वाटून घेतो. हे ऐकून मला इतकं आपलं वाटलं! माझ्याकडेही दोन ग्रामपंचायती असायच्या, सोमवार-गुरुवार इकडे आणि मंगळवार-शुक्रवार तिकडे, आणि ज्या गावात मी नसेन त्याच गावाला त्या दिवशी दाखला हवा असायचा.

गट ग्रामपंचायतीत नोकरी केलेला कुणीही जो प्रश्न विचारेल तोच मी विचारला. वाड्यांची तक्रार असते का, की सगळा पैसा मूळ गावात जिरतो? त्या मनापासून हसल्या. हिवाळ्यात बर्फ पडला की कुठला रस्ता आधी मोकळा करायचा यावरून बोलणी खावी लागतात म्हणाल्या. पर्यटक येतात ते तटाच्या आत, फोटो निघतात ते तटाच्या आतले, त्यामुळे खालच्या लोकांना वाटतं की फरशी बसते ती वरच. मात्र दुकानं, कारखाने, सपाट जमीन आणि लेकुरवाळी घरं खाली आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. गड राहतो आणि वस्ती खाली उतरते, हे आपल्या सह्याद्रीतही झालंच की.

सरकारी सूचना लावायचा त्यांचा फळा २०११ पासून कायद्याने इंटरनेटवर गेला. तरी गावात भिंतींवर कागद चिकटवलेले दिसतातच, आणि त्यात सगळ्यात जास्त वाचले जातात ते निधनाचे. काळ्या किनारीचा कागद, नाव, वय, अंत्यविधीची वेळ. एक आजोबा तो कागद पूर्ण वाचून मगच पुढे गेले. दफनभूमी मी मुद्दाम पाहिली. स्वच्छ, प्रत्येक कबरीपाशी छोटा दिवा, पाण्याचा नळ, झाऱ्या अडकवायला खुंट्या. झाऱ्या जागेवर होत्या. ज्या गावात सार्वजनिक झारी जागेवर सापडते त्या गावाचा कारभार चांगला चाललेला असतो, यावर माझा विश्वास आहे.

गावाचा इतिहास मोठ्या माणसांनी भरलेला आहे. आंद्रेआ फोर्तेब्राच्चो, ज्याला सगळे ब्राच्चो दा मोंतोने म्हणतात, १३६८ साली जन्मला. पदरी फौज बाळगून ती भाड्याने देणारे जे सरदार त्या काळी इटलीत होते, त्यांतला हा अव्वल. १४१६ साली त्याने थेट पेरुजा घेतलं आणि तिथला धनी झाला. १४२४ साली लाक्विलाच्या लढाईत मेला. त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. येशूच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा एक काटा त्याने १४७३ साली गावाला दिला, आणि आजही ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तो लोकांना दर्शनासाठी काढतात. ऑगस्टमध्ये त्याच घटनेचा उत्सव होतो. गावाचे तीन भाग, बोर्गो, मोंते आणि वेर्झिएरे, तीन वेशींच्या नावांचे. ते एकमेकांशी चुरस करतात, तिरंदाजी होते, जुन्या काळचे पोशाख चढवून माणसं रस्त्यावर उतरतात. आमची भेट उत्सवात नव्हती, पण कार्यालयातल्या बाई स्वतः कुठल्या वेशीच्या हे विचारल्यावर त्यांनी ज्या तोऱ्यात उत्तर दिलं, त्यावरून चुरस वर्षभर चालते हे कळलं. पहिला मान कुणाच्या आळीचा यावरून जत्रेत उभं राहणारं प्रकरण मी पोलीस पाटलांना सोबत घेऊन मिटवलेलं आहे. ते भांडण वाईट नसतं. आळी जिवंत असल्याची ती खूण असते. जी आळी मानासाठी भांडत नाही तिथली पोरं बहुधा केव्हाच मुंबई-पुण्याला गेलेली असतात.

संत फ्रान्सिसचं जुनं चर्च आता गावाचं वस्तुसंग्रहालय आहे. या चर्चच्या मठासाठी १४६९ साली कापोराली बंधूंनी चित्रं काढून एक प्रार्थनापोथी सजवली होती. ती आज अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे. लुका सिन्योरेल्लीने १५१५ साली याच चर्चसाठी केलेलं वेदीचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गावाच्या वस्तू जगभर आणि गावात त्यांच्या जागा रिकाम्या. तरी जे उरलं आहे त्याला कुलूप-किल्ली गावाची आहे, दरवाजा उघडायला गावचं माणूस येतं, आणि ते माणूस काय गेलं आणि कुठे गेलं हे न पाहता सांगतं.

ज्या गोष्टीवर मला जास्त वेळ थांबावंसं वाटलं ती तटाच्या बाहेरची, शिवारातली. उंब्रियातली शेती शतकानुशतकं अर्धेलीवर चालली. जमीन मालकाची, घर मालकाचं, कष्ट कुळाचे, आणि पीक अर्धं-अर्धं. एका मोठ्या दगडी घरात तीन पिढ्या राहायच्या, खाली बैल, वर माणसं, भोवती गहू, द्राक्षवेली, ऑलिव्ह. रस्त्यावरून जाताना शिवारात एकेकटी दिसणारी ती घरं याच पद्धतीची आहेत. १९६४च्या कायद्याने असे नवे करार करायला बंदी केली आणि १९८२च्या कायद्याने उरलेले करार साध्या खंडात बदलायची वाट करून दिली. पण कायदा येईपर्यंत माणसं थांबली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत डोंगरातली कुळं भराभर खाली उतरली, कारखान्यांत गेली, शहरांत गेली. वाड्या ओस पडल्या त्या तेव्हा.

आपल्याकडे १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन. कोकणात माझ्या आजोबांनी कूळ म्हणून नांगरलेली जमीन त्यांच्या नावावर झाली, आणि तरी पुढची पिढी मुंबईच्या गिरणीत गेलीच. हे मी लेकीला त्या शिवारात उभं राहून सांगत होते. तिचा अभ्यास याच मातीचा, तर ती मला समोरची पिकं दाखवत होती. खोऱ्यात खालच्या बाजूला तंबाखू फार. जवळच्या चित्ता दि कास्तेल्लो शहरात तंबाखू वाळवायच्या मोठ्या शेडमध्ये आता कलासंग्रहालय आहे. मोंतोनेच्या बाजूला जंगल जास्त, म्हणून ऑक्टोबर संपता संपता इथे जंगलाचा उत्सव भरतो. चेस्टनट, अळंबी, जमिनीखाली मिळणारं ट्रफल, मध. घरांच्या तळघरांत दुकानं मांडतात. डोंगरी गावाने स्वतःकडे जे आहे तेच पुढे केलं. मुळशीत आम्ही आंबेमोहोर तांदळाचा महोत्सव भरवायचं किती वेळा ठरवलं होतं!

आता घाडगे.

माझं माहेर माणगाव तालुक्यातलं. माणगावच्या तहसील कचेरीत यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. ते पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. १९४४च्या उन्हाळ्यात दहावी भारतीय डिव्हिजन टायबरच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांना मागे रेटत चालली होती. त्याआधी, २५ एप्रिलला, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी उम्बेर्तिदेवर बाँब टाकले होते आणि त्यात सत्तर गावकरी मेले होते. जुलैच्या सुरुवातीला उम्बेर्तिदे आणि मोंतोने मोकळे झाले. जर्मन हटायचे ते एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर, आणि प्रत्येक डोंगरासाठी नव्याने लढाई.

१० जुलैला घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली. सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटेच. ते तसेच त्या मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला टॉमीगनने मारलं, गोळ्या संपल्यावर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लांबून नेम धरून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, मिळाला. त्यांची कबर कुठे आहे हे माहीत नाही, म्हणून नाव कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे, कबरी न सापडलेल्या चार हजारांहून जास्त सैनिकांच्या नावांत.

इटलीच्या त्या मोहिमेत चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनचे मिळून पन्नास हजारांवर भारतीय सैनिक लढले. ५,७८२ मेले. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे, आणि त्यात आपले दोघे. दुसरे नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, ज्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून वाहून आणलं, मशीनगनचे मोर्चे गप्प केले आणि बंधाऱ्यावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा दिली. ते जगले, आणि १९८४ साली आपल्या पुण्यातच वारले. किती पुणेकरांना हे माहीत आहे?

जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या काही लष्करी इतिहासकारांनी मिळून गावात यशवंत घाडग्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. ते चालू सूर्यघड्याळ आहे, त्यावर लॅटिनमध्ये बोधवाक्य आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. उद्घाटनाला भारताच्या राजदूत हजर होत्या. तिथे यांनी चप्पल काढली आणि मीही. खिशातून नेलेली माणगावची माती ठेवायची का यावर आमची थोडी चर्चा झाली, कारण दुसऱ्या देशात विचारल्याशिवाय असं काही करू नये असं मला वाटत होतं. कर्मचारी बाईंना विचारलं. त्यांनी स्वतः येऊन बाजूच्या गवतात जागा दाखवली.

हे स्मारक मोंतोनेने का केलं असेल, यावर मी बराच विचार केला आहे. इटलीत भारतीय सैनिक कितीतरी मोठ्या शहरांत लढले. इथल्या माणसांना मी सरळ विचारलं आणि उत्तर साधं मिळालं: आमच्या हद्दीत, आमच्यासाठी जी माणसं मेली त्यांची नावं आमच्याकडे असायला हवीत. 'आमच्या हद्दीत' हे शब्द माझ्या ओळखीचे. हद्द असली की जबाबदारी असते. नमुना आठच्या वहीत, म्हणजे पंचायतीच्या मिळकतींच्या नोंदवहीत, घर आहे म्हणजे ते घर माझं, त्याच्या नळाची, दिव्याची, गटाराची विचारणा मलाच होणार. मोंतोनेला हद्द आहे, सभा आहे, ठराव करायची सत्ता आहे, शिक्का आहे. एका परक्या बावीस वर्षांच्या मुलाच्या नावाचा ठराव त्या सभेत मांडता येतो आणि दहा-अकरा माणसांनी हात वर केले की तो होतो.

इटलीच्या जवळपास प्रत्येक कोमूनेत पहिल्या महायुद्धात मेलेल्यांची नावं कोरलेली पाटी असते, वाड्यांमध्येसुद्धा. आपल्याकडे इंग्रजांनी त्याच युद्धानंतर गावोगाव दगडी पाट्या लावल्या. या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. नावं नाहीत, फक्त आकडे. साताऱ्याकडे, कोकणात, आपल्या पुणे जिल्ह्यातही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत त्या आढळतात. काहींवर चुना फासलेला आहे. माझ्या एका गावात ग्रामसभेत ठराव करून आम्ही तशी पाटी स्वच्छ करवून घेतली, आणि ज्या आकड्यात आपला पणजोबा आहे असं ठाऊक असलेली घरं आपणहून पुढे आली. नावं अशी मिळतात, विचारणारं जवळ असलं की.

आम्ही राहतो सिंहगड रस्त्याला, किरकटवाडीत. २०१७ साली पुण्याच्या भोवतालची अकरा गावं महापालिकेत आली आणि २०२१ साली आणखी तेवीस, त्यात आमचीही. महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, मुंबईहून मोठी. रस्ते, सांडपाणी, आगीचा बंब, मोठ्या जलवाहिन्या, हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि टॉवर उभे राहायला लागल्यावर तर नव्हतंच. हे मी नोकरीत असताना रोज पाहिलं आहे, आणि समावेश नको होता असं मी म्हणणार नाही. पण ज्या दिवशी ग्रामपंचायत संपते त्या दिवशी सरपंच जातो, ग्रामसभा जाते, आणि गावाच्या नावाने ठराव करणारं कुणी उरत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सदस्यांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ निवडणूकच झाली नाही. म्हणजे नव्याने आलेल्या तेवीस गावांना सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीने नंतर बाहेर पडून स्वतंत्र नगरपरिषद मिळवली. त्यामागे कराची मागणी होती, राजकारण होतं, सगळं खरं. पण स्वतःची सभा परत हवी असणं हेही त्यात होतं, आणि ते मला पूर्ण समजतं.

हवेलीतल्या एका गावाचं दप्तर सुपूर्द होताना मी हजर होते. नमुना आठ, नमुना नऊ, जन्म-मृत्यूच्या वह्या, ग्रामसभेची इतिवृत्तं, सगळं गठ्ठ्यांत बांधून यादी करून दिलं. १९६०च्या आसपासच्या एका इतिवृत्तात गावातल्या वृद्ध माजी सैनिकाला घरपट्टी माफ केल्याचा ठराव होता, खाली अंगठे आणि सह्या. तो कागद यादीत 'संकीर्ण' या सदरात गेला. तो सुरक्षित असणार, यात मला शंका नाही. मात्र तो माणूस कोण होता हे सांगू शकणारी म्हातारी त्या कार्यालयापासून शंभर पावलांवर राहत होती, आणि नव्या कार्यालयापासून दोन बस लांब.

इटलीतही एकत्र करायची लाट आहेच. बोलोन्याजवळ पाच नगरपालिका मिळून २०१४ साली व्हाल्सामोज्जा ही एक झाली. खर्च वाचतो, अनुदान मिळतं, अभियंता पूर्ण वेळ ठेवता येतो. दुसरीकडे २०१७ साली त्यांनी पाच हजारांच्या आतल्या नगरपालिकांसाठी खास कायदा केला, टपाल, शाळा, जुनी घरं आणि इंटरनेट तिथे टिकावं म्हणून. शिवाय अनेक लहान नगरपालिका आपापली सभा आणि सरपंच ठेवून पोलीस, कचरा, सचिव अशा सेवा शेजाऱ्यांशी वाटून घेतात. हा मधला मार्ग मला पटतो. मोठं काम मोठ्या संस्थेने करावं, पण गावाच्या नावाने बसणारी छोटी सभा ठेवावी, तिला थोडा निधी द्यावा, दप्तर गावात ठेवावं. पुण्यात समाविष्ट गावांसाठी असं काही करता येईल का, यावर प्रशासनातल्या जुन्या सहकाऱ्यांशी माझं बोलणं चालू आहे आणि एक टिपण मी लिहायला घेतलं आहे.

दरम्यान एक काम तुमच्याकडून हवं आहे. मोंतोनेच्या कर्मचारी बाईंनी निघताना विचारलं की घाडग्यांच्या पलटणीतल्या इतर सैनिकांची नावं, गावं, पत्रं, फोटो तुमच्याकडे कुणाकडे असतील का. त्यांना ती गावाच्या दप्तरात नोंदवून ठेवायची आहेत. आपल्या वाचकांत माणगाव, महाड, पोलादपूर, सातारा, भोर इकडचे बरेच आहेत. तुमच्या घरात पणजोबा किंवा आजोबा १९४३ ते १९४५ दरम्यान इटलीत होते असं कुणी सांगत असेल तर पेटीतली डिस्चार्ज बुकं, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या नीट पाहा. मूळ कागद कुठेही पाठवू नका, दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढा. सैनिकाचं नाव, वडिलांचं नाव, तेव्हाचं गाव आणि तालुका, पलटण, आणि घरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी जशाच्या तशा लिहून मला कळवा. तारखा माहीत नसतील तर अंदाज करू नका, जागा कोरी सोडा. लेक इटालियनमध्ये भाषांतर करून देणार आहे, आणि दिवाळीपर्यंत पहिला गठ्ठा आम्ही मोंतोनेला पाठवू.